तुटलेलं हँडल कसं जोडायचं? वेल्डिंग, ब्रेझिंग की आटे?



रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल, तर ड्रिल मशीन किंवा प्रेसचं तुटलेलं हँडल तुमच्याकडे येणारच. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, एक टाका मारून द्या, घाई आहे." आणि आपण टाका मारून देतो.

मीही मारला होता. बेंच ड्रिलचं हँडल होतं, ते ज्यात बसतं तो हब बिडाचा. साध्या रॉडने वेल्डिंग केलं, 150 रुपये घेतले. तीन आठवड्यांत वेल्डिंगच्या कडेने हब तडकला आणि हँडल कामगाराच्या हातात आलं. त्याचं बोट चेचलं, थोडक्यात निभावलं. नवा हब पदरचे 1400 रुपये घालून द्यावा लागला. तेव्हापासून मशीन हातात घेण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो.

1. धातू कोणता? ग्राइंडरला हळूच लावून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर असतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. कानस लागतच नसेल, नुसती घसरत असेल, तर तो भाग कडक केलेला आहे.

2. उष्णता कुठवर जाणार? जवळ बेअरिंग, ऑइल सील किंवा कडक केलेला भाग असेल तर सावध व्हा. कडक स्टील जास्त तापलं की मऊ पडतं. वरून काही दिसत नाही, पण झीज सुरू होते.

3. हँडल पुन्हा काढावं लागेल का? पुढच्या सर्व्हिसिंगला काढायचं असेल, तर कायमचं जोडून ठेवू नका.

आता पद्धत निवडू.

वेल्डिंग: दोन्ही बाजूंना माइल्ड स्टील असेल तर हेच करा. यात मूळ धातूच वितळतो, म्हणून जोड मजबूत होतो. जाड दांडा असेल तर टोकांना उतार द्या, नाहीतर वेल्डिंग नुसतं वर बसतं. प्लेटिंग आधी घासून काढा, तिचा धूर वाईट असतो. बिडात कार्बन जास्त असतो, त्यामुळे साध्या रॉडने ते तडकतं. त्याला निकेल रॉड लागतो, आधी तापवावं लागतं आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड करावं लागतं.

ब्रेझिंग: यात मूळ धातू वितळत नाही, फक्त रॉड वितळून फटीत शिरतो. पितळी रॉडला साधारण 900 अंश सेल्सिअस लागतं, चांगल्या चांदीच्या रॉडला 620 ते 700. फट साधारण 0.1 मि.मी. ठेवा, तेलाचा अंशही नको, आणि रॉड कॅडमियम नसलेलाच घ्या. टोकाला टोक लावून ब्रेझिंग करू नका. दांडा भोकात बसवा, म्हणजे जोडाला जागा जास्त मिळते.

आटे: भोक पाडा, टॅप मारा, दांडा फिरवून बसवा. उष्णता अजिबात नाही आणि हवं तेव्हा काढता येतं. एम 10 साठी 8.5 मि.मी.चं ड्रिल लागतं, बिडात किमान 15 मि.मी. आटे पकडीत हवेत. धक्क्यांनी सुटू नये म्हणून लॉकनट किंवा आडवी पिन द्या. माझ्या त्या हबला हीच पद्धत हवी होती!

उष्णतेचा मुद्दा किती नाजूक असतो याचं एक उदाहरण बंदुकीतलं आहे. अमेरिकेतल्या रेमिंग्टन 700 रायफलच्या बोल्टचं हँडल ब्रेझिंगने जोडलेलं असतं. ते बदलणारे कारागीर पुढचे लॉकिंग लग तापू नयेत म्हणून फार जपतात, कारण गोळी सुटताना सगळा दाब तिथे येतो. पण आपल्याकडे असं काम कुणी आणलं, तर हात जोडून नाही म्हणा. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं गुन्हा आहे. कौशल्य असलं तरी परवाना नसेल, तर ते काम आपलं नाही.

आता धंद्याची गोष्ट. टाका पाच मिनिटांचा, आटे पाडायला तासभर लागतो. मग दरही वेगळाच हवा, आणि तो काम सुरू करण्याआधी सांगा. मी दोन पर्याय समोर ठेवतो: "ही पद्धत स्वस्त, पण पुन्हा काढता येणार नाही. ही थोडी महाग, पण सर्व्हिसिंगला सोयीची." कारण कळलं की बरेच जण दुसरा पर्याय घेतात. जो पर्याय धोक्याचा वाटतो, तो मी देतच नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल.

शेवटी, हँडल देण्याआधी स्वतः जोर लावून ओढून बघा. सुटायचंच असेल, तर ते तुमच्या दुकानात सुटू दे, दुसऱ्याच्या हातात नको.

तुमच्याकडे असं अडलेलं काम असेल तर धातू कोणता आणि तुटलंय कुठे, हे कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!