जुनं चित्र, नवा टी-शर्ट: छापण्याआधी विचारा, चित्र कुणाचं?



टी-शर्ट प्रिंटिंगच्या व्हिडिओनंतर जव्हार आणि मोखाड्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, जुन्या सिनेमांची पोस्टरं, जुने हिरो, जुने डायलॉग टी-शर्टवर आणि मगवर छापून विकले तर? रेट्रोला मागणी आहे."

मागणी आहे, हे मान्य. शर्टावर जुनं पोस्टर दिसलं की चाळिशीतला माणूस थांबतो आणि विशीतला फोटो काढतो. पण मशीन घेण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचारा. हे चित्र छापायचा हक्क मला आहे का? आणि हेच चित्र मुंबईत शंभर जण छापत असताना गिऱ्हाइकाने जव्हारच्या दुकानातून ते का घ्यावं? दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नात आहे: चित्र कुणाचं?

जुनं म्हणजे फुकट नव्हे

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. साध्या भाषेत सांगतो. चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं चालतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे मृत्यूच्या सालात ६० मिळवा, ते साल संपेपर्यंत हक्क शाबूत.

आता आपल्याच चित्रकारांवर हे गणित लावून बघू.

राजा रविवर्मा १९०६ साली गेले. लोणावळ्याजवळच्या मळवलीतल्या छापखान्यातून निघालेली त्यांची देवदेवतांची चित्रं घराघरांत पोचली. त्यांच्या मूळ चित्रांवरचा हक्क कधीच संपलाय.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. १९२४चा 'कल्याण खजिना' हा त्यांचाच सिनेमा. ते १९५४ साली गेले. १९५४ अधिक ६० म्हणजे २०१४. त्यांच्या हातची पोस्टरं १ जानेवारी २०१५पासून सगळ्यांना खुली आहेत.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवणारे दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०३१ अखेरपर्यंत हक्क आहे. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले, त्यांच्या चित्रांवर २०३६ अखेरपर्यंत. रद्दीच्या दुकानात त्यांचा अंक वीस रुपयांना मिळाला म्हणून त्यावरचं चित्र छापायचा हक्क वीस रुपयांत मिळत नाही. तिथे वारसांची किंवा ज्याच्याकडे हक्क आहे त्याची लेखी परवानगी हवी.

सिनेमाचं गणित थोडं वेगळं आहे. सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. पण सिनेमा खुला झाला म्हणजे पोस्टरही खुलं झालं असं धरू नका. पोस्टर हे वेगळं चित्र, त्याचा चित्रकार वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी. इथेच पुष्कळ जण फसतात.

चेहरा आणि डायलॉग

"मी पोस्टर घेत नाही, हिरोचा चेहरा स्वतः काढतो," असं कुणी म्हणेल. तरी सांभाळा. अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये मनाई केली. सप्टेंबर २०२३मध्ये अनिल कपूर यांनाही तसंच संरक्षण मिळालं आणि त्यात त्यांचा 'झकास' हा शब्दसुद्धा आला. एका शब्दासाठी माणूस कोर्टात जातो, कारण त्या शब्दावर त्याचा धंदा उभा आहे.

कॉपीराइट मोडल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. पन्नास हजार भांडवल घालून सुरू केलेल्या धंद्याला हे झेपणार आहे का?

तुमच्या दारातलं रेट्रो

आता दुसरा प्रश्न: गिऱ्हाइकाने तुमच्याकडूनच का घ्यावं? पावसाळ्यात शनिवार-रविवारी जव्हारला गाड्यांची रांग लागते. दाभोसा, हिरडपाडा, जयविलास राजवाडा, सनसेट पॉइंट. ही माणसं घरी काय घेऊन जातात? फोटो. विकत घेण्यासारखं, 'हे जव्हारचं' असं सांगता येईल असं त्यांना फार थोडं दिसतं. तुमची जागा तिथे आहे.

पहिली गोष्ट वारली चित्रं. मूळची ही लग्नघरातली कला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी चौक लिहायच्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूकडच्या पाड्यांवर पोचले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तारपा नाचाचं वर्तुळ टी-शर्टवर, पर्सवर, किचेनवर सगळीकडे दिसतं.

दुसरी गोष्ट बोहाडा. गणपती, शारदा, त्राटिका, रावण, नरसिंह अशी सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. त्यांचे कागदाच्या लगद्याचे मुखवटे जव्हार तालुक्यातल्या रामखिंडसारख्या गावात बनतात. हातभर मुखवट्याचा बोटभर नमुना फ्रिजवर लावायला केला, तर जपून ठेवावी अशी वस्तू होते.

तिसरी गोष्ट तुमच्या आठवणीतली: घाट चढणारी लाल एसटी, राजवाड्याचा घुमट, आठवडी बाजार. ही चित्रं स्वतः काढा किंवा काढून घ्या. इंटरनेटवरचा फोटो उचलून गिरवू नका, त्या फोटोचाही कुणी मालक आहे. एसटी काढताना महामंडळाचं चिन्ह वगळा.

शैली सगळ्यांची, चित्र एकाचं

वारली म्हणजे लोककला, मग ती फुकट, हा समज सगळ्यात महागात पडतो. पडतो तो चित्रकाराला.

त्रिकोणी माणसं, तारप्याचं वर्तुळ, ही शैली परंपरेची आहे. पण एखाद्या चित्रकाराने काढलेलं अमुक एक चित्र त्याचंच. मशे २०१८ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०७८ अखेरपर्यंत हक्क आहे. तुमच्या शेजारच्या पाड्यावर आज काढलेल्या चित्रालाही हाच कायदा लागू होतो.

शिवाय वारली चित्रकलेला २०१४पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. हे नाव या मुलखाचं आहे, अशी ती नोंद. चित्रकाराला त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं. तुमच्या जोडीदार चित्रकाराने ते केलेलं नसेल, तर अर्ज भरायला मदत करा. आणि छापलेल्या शर्टावर 'हाताने काढलेलं वारली चित्र' असं लिहू नका. चित्रकाराचं नाव, पाडा आणि 'मूळ चित्रावरून छापलेलं' असं लिहा. खरं आहे ते लिहिलं की विकायलाही सोपं जातं.

एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची. लग्नातला देवचौक आणि त्यातली पालघट देवी ही पूजेची गोष्ट आहे. बोहाड्याचा मुखवटाही चढवण्याआधी पुजला जातो. तो पायपुसण्यावर, बनियनवर छापायचा का, हे गावातल्या जाणत्यांना विचारा. 'नको' म्हणाले तर नको. त्याच गावात तुम्हाला उद्याही राहायचंय.

करार दोन पानांचा करा

चित्र दोन प्रकारे मिळतं. नीट वाचा, कारण हे तुमच्याइतकंच चित्रकाराच्याही कामाचं आहे.

तयार चित्र विकत घेतलं, तर कागद तुमचा झाला. छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण पैसे देऊन तुमच्यासाठी मुद्दाम चित्र रंगवून घेतलं आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर कायद्याने पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. पाचशे रुपयांत चित्र काढून दिलं आणि त्याचे हजारो शर्ट झाले, तरी चित्रकाराच्या हाती ते पाचशेच राहतात. दिवाळीनंतर इथली कितीतरी घरं कामासाठी वीटभट्टीवर जातात. त्याच घरातला कलाकार असा एकदाच पाचशेवर मोकळा व्हावा का?

म्हणून लेखी करार. त्यात हे हवंच: कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती वर्षं, कुठल्या भागात, रॉयल्टी किती आणि कधी द्यायची, खाली दोघांच्या सह्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. भाग लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर तो परत जातो. करार मराठीत करा, मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत चित्रकाराकडे ठेवा.

छपाईत कुठे अडतं

वारली चित्र पांढऱ्या एका रंगात असतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, त्यामुळे एका रंगाचं काम स्वस्तात होतं. गेरूच्या रंगाचा तयार शर्ट घ्या आणि वर पांढरी शाई मारा. गडद कापडावर पांढरा रंग फिका दिसतो, म्हणून प्लास्टिसोल शाई आणि गरज पडली तर दोन हात द्यायला सांगा.

मगवर उलटं होतं. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसतेच. पांढऱ्या मगवर गेरू रंगाची जमीन छापायची आणि चित्राची जागा कोरी सोडायची, म्हणजे मगचा पांढरा रंगच चित्र होतो. डिझाइन करणाऱ्याला हे आधी सांगा. आणखी एक, शुद्ध सुती शर्टावर सब्लिमेशन टिकत नाही, त्याला पॉलिएस्टर लागतं.

पाच-दहाच नग हवे असतील तर डीटीएफ बरं. पण वारलीची रेघ बारीक असते आणि फार बारीक रेघ धुण्यात सुटते. नमुना घ्या, पाच वेळा धुवा, मगच ऑर्डर द्या.

मुखवट्यांचं वेळापत्रक वेगळं. कागदाचा लगदा पावसाळ्यात वाळता वाळत नाही. पर्यटक मात्र पावसातच येतात. म्हणजे माल उन्हाळा संपण्याआधी तयार हवा.

हिशोब मांडू

१०० शर्टांचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्याकडचे भाव विचारून तुमचे टाका. एका शर्टामागे कोरा शर्ट १८० रुपये, फ्रेमचा खर्च ५, छपाई ३०, टॅग आणि पिशवी १५, वाहतूक १०, खराब निघणाऱ्या मालापोटी १०. झाले २५०. विक्री ४५० रुपयांना. चित्रकाराची रॉयल्टी विक्रीच्या १० टक्के, म्हणजे ४५. एकूण २९५.

स्वतः स्टॉलवर विकला तर १५५ रुपये उरतात. रिसॉर्टमध्ये ठेवला आणि त्यांनी २० टक्के, म्हणजे ९० रुपये घेतले, तर ६५ उरतात. जागेचं भाडं, तुमचा दिवस आणि करही यातूनच भागवायचे आहेत.

आता कुणी म्हणेल, ते ४५ वाचवू, चित्र नेटवरून घेऊ. करून बघा. तेच चित्र दुसराही घेईल आणि २९९ला विकेल. मग तुम्हीही २९९वर याल, आणि २५० खर्च वजा जाता हाती ४९ राहतील. रिसॉर्टचे २० टक्के दिले तर खिशातूनच जातील. ४५ रुपये वाचवायला गेलात आणि शंभरावर घालवून बसलात! शर्टाच्या टॅगवर चित्रकाराचं नाव आणि पाडा आहे, म्हणून तो ४५०ला जातो. रॉयल्टी हा तुमच्या मालाचा कच्चा माल आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. छापावीशी वाटणारी पाच चित्रं लिहा. प्रत्येकापुढे चित्रकाराचं नाव आणि मृत्यूचं साल लिहून ६० मिळवा. नाव सापडलं नाही तर त्यावर काट मारा.

२. तुमच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या एका चित्रकाराला किंवा मुखवटे करणाऱ्याला भेटा. पहिल्या भेटीत भाव करू नका, काम बघा.

३. एकच चित्र ठरवा, करार करा, पाच नमुने छापा आणि शनिवारी स्टॉल लावा. किती विकले यापेक्षा लोकांनी काय विचारलं ते वहीत लिहा.

बहुतेक जण विचारतील, "हे कुणी काढलंय?" त्या प्रश्नाला तुमच्याकडे नाव असलं पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.