पत्रावळीचा प्रेस घेण्यापूर्वी...

परवा आमच्या आळीतल्या एका वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी अवजड उभे दिसले. "हे काय हो?" म्हणून सहज विचारले, तर वहिनींचा चेहराच उतरला. द्रोण-पत्रावळ्या काढायचा हायड्रॉलिक प्रेस! दीड वर्षापूर्वी भिशीचे पैसे आणि हातातल्या दोन पाटल्या मोडून त्यांनी तो घेतला. विकणाऱ्याने सांगितले होते, "ताई, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू. तुम्ही नुसते बटण दाबायचे." पहिला माल त्याने उचलला. दुसऱ्या वेळी "क्वालिटी बसत नाही" म्हणून परत केला. तिसऱ्या वेळेपासून फोन उचलणेच बंद!

मैत्रिणींनो, घरी बसून चार पैसे मिळवावेत असे कुणाला वाटत नाही? आणि पत्रावळीचा धंदा काही वाईट नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली. मुंजी, बारशी, सत्यनारायण काही थांबलेले नाहीत. तेव्हा मागणी आहेच. पण मशीन घेताना आपण साडी घेताना जेवढी चौकशी करतो तेवढीही करत नाही, हे माझे म्हणणे. पदर उलगडून, उजेडात धरून, सुताचा धागा ओढून बघणाऱ्या आपण, हजारोंचे लोखंड मात्र नुसत्या शब्दावर घरात आणतो!

आधी गिऱ्हाईक, मग मशीन

"माल आम्हीच उचलू" हे वाक्य ऐकले की सावध व्हा. ज्याला माल खरेच हवा असतो तो स्वतः चार मशीन टाकतो, तुम्हाला विकत फिरत नाही. तो करार लिहून देत असेल, तर त्यात दर, नग, किती दिवसांत पैसे आणि माल नाकारायची कारणे हे सगळे लिहिलेले आहे का ते बघा. नसेल तर तो कागद रद्दीतला समजा.

त्याऐवजी आधी गावात फिरा. दोन मंगल कार्यालये, चार आचारी, एखादी खानावळ, देवळाजवळचे प्रसादाचे दुकान. "शेकडा काय भावाने घेता? कोणत्या मापाची? महिन्याला किती?" एवढे तीन प्रश्न वहीत लिहून विचारा. विचारायला लाजू नका, भाजीवाल्याशी घासाघीस करतोच की आपण!

माल कशाचा काढणार हेही आधीच ठरवा. चकचकीत थर दिलेल्या कागदाच्या ताटल्या सोप्या वाटतात, पण प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्यांवर महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये बंदी घातली. तेव्हा कागदाचा नमुना घेऊन नगरपालिकेत विचारूनच पुढे जा. सुपारीच्या विरीच्या ताटल्या दिसायला देखण्या, पण "परदेशी पाठवू" या गोष्टीवर भुलू नका. सुपारीतले काही घटक अन्नात उतरू शकतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला. आपली पळसाची पाने पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची, पण ती वेळेवर, एकसारखी आणि वाळवलेली मिळतात का, हे बघायला हवे.

हायड्रॉलिक म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी तत्त्व सोपे आहे. डॉक्टरांची एक बारीक आणि एक जाड सिरिंज नळीने जोडली आहे आणि दोन्हीत पाणी भरले आहे अशी कल्पना करा. बारीक सिरिंज अंगठ्याने दाबली तर जाडीचा दट्ट्या वर येतो आणि तो बोटाने थोपवू म्हटले तर थोपत नाही. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्यावरून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपला प्रेस त्याचाच पणतू.

जाड दट्ट्याचे तोंड बारीकाच्या पन्नासपट मोठे असेल, तर जोरही पन्नासपट मिळतो. पण फुकट काही मिळत नाही. जाड दट्ट्या हलतो मात्र पन्नासाव्या हिश्शाने. म्हणूनच जास्त टनांचे पण लहान मोटरचे मशीन सावकाश चालते. "जोरही जास्त आणि वेगही जास्त, मोटर मात्र एका हॉर्सपॉवरची" असे कुणी म्हणाले तर हसून दुसऱ्या दुकानात जा.

टनांचा हिशेब तुम्हीच करा

"वीस टनी मशीन आहे, वहिनी!" हे शब्द तुम्ही हमखास ऐकाल. टन म्हणजे मशीनचे वजन नव्हे, ते किती जोराने दाबते ते. हे तपासायला इंजिनिअर नको, मुलांची वही-पेन्सिल पुरे. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: सिलिंडरचा आतला व्यास किती आणि पंप किती दाबावर चालतो?

व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा आणि येईल त्याला दाबाने गुणा. दहा सेंटिमीटर व्यास आणि दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल, तर १०० गुणिले ०.७८५ म्हणजे ७८.५, गुणिले १५० म्हणजे सुमारे ११,७७५ किलो. म्हणजे पावणेबारा टन झाले. आता आठ सेंटिमीटरचा सिलिंडर दाखवून कुणी वीस टन म्हणत असेल, तर त्याला चारशे किलोचा दाब लागेल. अशा मशीनवर नेहमी बसवतात तो साधा गिअर पंप एवढा दाब देत नाही. हा हिशेब तोंडावर करून दाखवलात की भाव निम्म्यावर आला नाही तरी भाषा नक्की बदलते.

आणि खरे सांगू? वीस टन हवेतच कशाला? पातळ कागदाच्या द्रोणाला थोडा दाब पुरतो. जाड पुठ्ठा, दुपदरी पाने किंवा विरी जास्त मागते. तेव्हा टनांवर जाऊ नका. आपला कागद, आपली पाने पिशवीत घालून न्या आणि त्याच मशीनवर आपल्यासमोर शंभर नग काढून घ्या. मनगटावरचे घड्याळ बघा. "तासाला हजार" म्हणजे साडेतीन सेकंदांना एक नग. कागद ठेवणे, दाबणे, काढणे हे सगळे तेवढ्यात होते का, ते तुम्हालाच दिसेल. शंभरांतले फाटलेले आणि कड न बसलेलेही मोजा.

हाताचा, पायाचा की मोटरचा?

ज्यांना अजून गिऱ्हाइकाची खात्री नाही, त्यांनी हाताच्या दांड्याचा किंवा पायाने दाबायचा साधा प्रेस घ्यावा. गॅरेजमध्ये गाडी उचलायला जो बाटलीच्या आकाराचा जॅक असतो, तो लोखंडी चौकटीत बसवूनही हायड्रॉलिक प्रेस होतो. त्यात दाबायला वीज लागत नाही, फक्त साचा तापवायला लागते. पण दर नगाला दांडा अनेकदा हलवावा लागतो, दंड भरून येतात. शिकायला आणि थोड्या मालाला तो ठीक. रोजच्या हजार नगांना मोटरचाच हवा.

चौकट बघताना एक लक्षात ठेवा. एका बाजूने उघडी, इंग्रजी सी अक्षरासारखी चौकट स्वस्त असते, पण बारीक लोखंडाची असेल तर दाबाखाली तिचा जबडा किंचित फाकतो आणि पत्रावळीची एक कड कच्ची राहते. चार खांबांची चौकट त्या मानाने सरळ दाबते. हे तपासायची घरगुती युक्ती म्हणजे दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन पेपर घालून तो थंड साच्यात दाबणे. कडेचा ठसा सगळीकडे सारखा उठला तर साचा सरळ बसला आहे. एकीकडे गडद, दुसरीकडे फिका आला तर पुढे बोलूच नका.

तेल गळते का, हेही बघा. मशीनखाली जुने वर्तमानपत्र पसरायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. डाग पडलेला असेल तर जोड किंवा सील गेलेले आहे. शिवाय दाब पूर्ण चढवून मोटर बंद करायला सांगा आणि दाबाच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटे बघत राहा. भराभर खाली आला तर आतून गळती आहे. आपल्या मालावर लोक जेवणार आहेत. तेलाचा एक थेंब पत्रावळीवर पडला तर गिऱ्हाईक कायमचे गेले.

विजेचे बिल आधी वाचा

दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि साडेसातशे वॅटचे दोन हीटर धरले तर सगळे मिळून साडेतीन हजार वॅटच्या आसपास जाते. म्हणजे निदान पंधरा अँपिअर. घरातल्या मोठ्या प्लगची ती कडच झाली! शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी पट वीज ओढते. म्हणून मिक्सरच्या प्लगात हे चालत नाही. वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवेच. तुमच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो बघा आणि त्यात हे बसत नसेल तर आधी तो वाढवून घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. तेव्हा वीज कचेरीत विचारून योग्य जोडणी घ्या. दंड भरण्यापेक्षा दोन हेलपाटे परवडले.

हात सांभाळा, बाई!

हा मजकूर कृपा करून दोनदा वाचा. मशीन दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय चालू होणार नाही, असे मागून घ्या. एक हात साच्यात आणि दुसरा बटणावर, असे झाले की बोटे जातात. समोर जाळी हवी. पदर खोचलेला, ओढणी काढलेली, बांगड्या आणि मंगळसूत्र आत सारलेले, केस बांधलेले. मुलांना त्या खोलीत मुळीच येऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नळीला टाचणीएवढे भोक पडले असेल तर तिथून तेलाची धार इतक्या जोराने येते की ती कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण हात गमवायची पाळी येऊ शकते. गळती कधीही हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. असे काही झालेच तर हळद लावून बसू नका. तसेच उठून सर्जन असलेल्या इस्पितळात जा आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगा.

पैशाचा हिशेब

समजा, मशीन ७२ हजारांना पडले. कागद, वीज, फुकट गेलेले नग आणि रिक्षाभाडे वजा जाता एका नगामागे वीस पैसे सुटतात. दिवसाला हजार नग म्हणजे दोनशे रुपये. महिन्यात चोवीस दिवस काम झाले तर ४,८०० रुपये. म्हणजे नुसते मशीनचे पैसे फिटायला पंधरा महिने, आणि मागणी निम्मीच असली तर तीस! या काळात तुमच्या श्रमाचे मोल शून्य धरले आहे, हेही विसरू नका. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब यजमानांबरोबर बसून करा.

दागिने मोडण्याआधी बँकेत जा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात तारणाशिवाय ५० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर महिलांसाठी शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान ठेवले होते. चालू नियम काय आहेत ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, आणि कर्ज मंजूर होईपर्यंत विक्रेत्याला मोठी आगाऊ रक्कम देऊ नका.

पक्के बिल मात्र घ्याच. त्यावर सिलिंडरचा व्यास, मोटर, साच्यांची संख्या आणि हमीची मुदत लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली असेल तर बसते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

वहिनींना हे मी त्याच संध्याकाळी सांगितले. त्यांच्याकडे पक्के बिल नाही, नुसती एक चिठ्ठी आहे. पण पैसे बँकेतून गेले होते, त्याची नोंद मिळाली. मुदतही अजून आहे. अर्ज लिहायला आम्ही दोघी बसलो. ताडपत्री काढून प्रेस बघितला, तर फक्त सील गेलेले निघाले. आता एका खानावळीचे द्रोण आठवड्यातून दोन दिवस त्या काढून देतात. पाटल्या काही परत आलेल्या नाहीत. पण जाताना त्या म्हणाल्या, "हे लिहा हो कुठेतरी. माझ्यासारखी दुसरी फसायला नको."

म्हणून हे लिहिले.