मुंबईहून गावी आलेली जुनी मोटारसायकल आणि तिचं इंजिन
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या बाया. कुणी घाटकोपरची, कुणी मुलुंडची, दोघी बोरिवलीच्या. आमच्यातल्या काहींच्या घरी गॅरेजचं काम चालतं, आणि पाने-पकडी आम्हीही हातात घेतो. आज बोलायचं आहे ते जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल.

हा विषय तुमच्याकडे कशाला, असं कुणी म्हणेल. तर आपल्या गावातल्या मोटारसायकलींचे नंबर बघा. एमएच 02 म्हणजे अंधेरी, एमएच 03 म्हणजे मुंबई पूर्व, एमएच 47 म्हणजे बोरिवली. मुंबईत नोकरी करणारा दीर, भाऊ किंवा मुलगा नवी गाडी घेतो आणि जुनी गावी पाठवतो. मग त्याच गाडीवर दूध डेअरीत जातं, भाजी बाजारात जाते, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर तीच बाहेर काढतात. ती बंद पडली की घराचं काम थांबतं, आणि मेकॅनिक म्हणाला, “इंजिन खोलावं लागेल,” की गटाची बचत मोडावी लागते. इंजिन खरंच खोलायला हवं की शंभर-दोनशे रुपयांत भागेल, हे आपल्याला कळलं पाहिजे.

उपनगरांचं आणि गाड्यांचं नातं जुनं आहे. भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर बनायची, कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी, कांदिवलीला महिंद्राचा कारखाना. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत, साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये लेथ मशिनं चालतात. आम्ही जे शिकलो ते अशाच गल्ल्यांमध्ये बघून आणि विचारून.

इंजिनाला काय लागतं

हिरो होंडाची सीडी 100 ही गाडी 1985 साली आली, स्प्लेंडर 1994 साली. या शंभर सीसीच्या चार स्ट्रोक गाड्या अजून गावोगाव चालतात. आजचं बोलणं मुख्यतः अशा कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल आहे. 2020 पासून बीएस 6 च्या नियमांमुळे नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं, त्यांचं तंत्र वेगळं.

चूल पेटायला लाकूड, काडी आणि वारा लागतो. इंजिनालाही तीनच गोष्टी लागतात: हवेत मिसळलेलं पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि दाब. पिस्टन वर येताना हे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. तो दाब कोंडून ठेवायचं काम पिस्टनभोवतीच्या रिंगा करतात. कुकरची रबरी रिंग सैल झाली की वाफ धरत नाही आणि डाळ शिजत नाही, तसंच इथे. रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि खालचं ऑइल वर येऊन जळतं.

गाडी चालू होत नसेल तर याच क्रमाने बघायचं: आधी पेट्रोल, मग ठिणगी, शेवटी दाब. पहिल्या दोन गोष्टी स्वस्त आहेत, तिसरी महाग. पहिल्या दोन न बघता कुणी थेट तिसरीवर आला तर त्याला थांबवा.

पहिली पायरी: पेट्रोल

टाकीत पेट्रोल आहे का आणि कॉक चालू आहे का, हे बघा. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की गाडी थोडी चालते आणि बंद पडते. झाकण उघडल्यावर “फस्स” आवाज होऊन गाडी पुन्हा चालू झाली तर दोष झाकणात आहे.

कार्बोरेटरच्या खाली पेट्रोल काढायचा एक स्क्रू असतो. तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. काहीच आलं नाही तर कॉक किंवा नळी तुंबली आहे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी तळाला साचतं, शिळं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. अशी गाडी कार्बोरेटर साफ करून ताजं पेट्रोल भरलं की बहुतेक वेळा चालू होते. जुन्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या असतील तर त्याही बदला.

एअर फिल्टर उघडून बघा. गावच्या धुळीत तो लवकर भरतो. भरला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि सायलेन्सरमधून काळा धूर.

दुसरी पायरी: ठिणगी

हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच चुकून दाबलेला नाही ना, हे आधी बघा. मग प्लग काढा. प्लगचं टोक विटकरी, तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. काळं, ओलं, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय.

प्लग पुसून, टोपीत घालून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि किक मारा. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. हे करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा, सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. प्लग उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग प्लगची टोपी, मग कॉइल आणि सीडीआय, या क्रमाने बघायचं.

तिसरी पायरी: दाब

स्विच बंद करा, प्लग काढा, भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसरीला किक मारायला सांगा. हवा अंगठा उडवून लावत असेल तर दाब आहे. अंगठा सहज टिकून राहिला तर दाब कमी आहे. किक पाण्यात पाय घातल्यासारखी हलकी जाते, ही त्याचीच खूण.

दाब रिंगांकडून निसटतोय की व्हॉल्वकडून, हेही घरी कळतं. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा, किक पाच-सहा वेळा सावकाश फिरवा आणि पुन्हा अंगठा लावा. दाब वाढला तर ऑइलने रिंगांची फट बुजवली, म्हणजे दोष रिंगा-पिस्टनचा. फरक पडला नाही तर दोष बहुधा व्हॉल्वचा, नाहीतर हेडच्या गॅस्केटचा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ब्लॉक जवळजवळ आडवा असतो, ऑइल एका बाजूला साचतं, त्यामुळे तिथे ही चाचणी अंदाजाचीच धरा. गॅरेजमध्ये दाब मोजायचं घड्याळ असतं. पैसे देण्याआधी ते लावून आकडा दाखवायला सांगा.

धूरही बरंच सांगतो. चार स्ट्रोक गाडीतून सतत निळा धूर येत असेल, रेस केल्यावर वाढत असेल, तर रिंगा गेल्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिला भपका निळा येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्वची रबरी सील गेलेली असतात. त्यासाठी ब्लॉक-पिस्टन बदलायची गरज नसते. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती काळजीची नाही. राजदूत, येझदी, आरएक्स 100 अशा दोन स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तिथे थोडा धूर असतोच.

एका ताईंनी विचारलं होतं, “इंजिन जोरात ओरडतं, पण गाडी चढ चढत नाही. इंजिन गेलं का?” ताई, ही खूण क्लचची आहे. क्लच प्लेटा झिजल्या की इंजिन फिरतं, चाकाला जोर पोचत नाही. आधी क्लचची तार नीट लावून बघा. ब्रेक घासत असेल किंवा चेन आवळलेली असेल तरीही गाडी मरगळते.

खरंच खोलायची वेळ आली तर

मेकॅनिक दोन शब्द वापरतात. “हाफ इंजिन” म्हणजे वरचा भाग: हेड, व्हॉल्व, ब्लॉक, पिस्टन, रिंगा. “फुल इंजिन” म्हणजे खालची क्रँक, बेअरिंग, गिअरसुद्धा. खालून “धडधड” असा जड ठोका येत असेल तर फुल कामाचा विचार. नुसता निळा धूर आणि हलकी किक असेल तर बहुतेक वेळा हाफ पुरतं. वरून बारीक “टिकटिक” येत असेल तर टॅपेटची फट बघायची. इंजिन थंड असताना ती फीलर गेजने लावतात. एका मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

हाफ काम घरी शिकून करता येतं, पण पहिल्यांदा जाणत्या माणसाजवळ बसूनच करा. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

खोलण्याआधी इंजिन बाहेरून धुऊन घ्या, नाहीतर माती आत जाते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट डब्याच्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, मसाल्याचा जुना डबा उत्तम.

कॅमच्या चाकावर आणि मॅग्नेटवर खुणा असतात. टायमिंग चेन काढण्याआधी त्या जुळवून फोटो घ्या आणि बसवताना तशाच जुळवा. त्या चुकल्या तर गाडी चालू होत नाही, क्वचित पिस्टन व्हॉल्ववर आदळतो.

पिस्टनच्या पिनेला बारीक लॉक असतं. ते काढताना खालच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. लॉक आत पडलं तर सगळं इंजिन खोलावं लागतं.

ब्लॉकमध्ये नखाला लागतील अशा उभ्या रेषा असतील तर नुसत्या रिंगा घालून भागत नाही. ब्लॉक लेथवाल्याकडे देऊन बोअर करतात आणि एक माप मोठा पिस्टन घालतात. मापं पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. नाहीतर ब्लॉक-पिस्टनचा नवा सेट घेतात. दोन्हींचे भाव विचारून ठरवा.

रिंगेवर अक्षर असतं, ती बाजू वर. तिन्ही रिंगांची तोंडं एका ओळीत न ठेवता तीन दिशांना ठेवा. गॅस्केट नेहमी नवं. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा.

काम झाल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडी हळू चालवा, चढाला जोर देऊ नका, तिघं बसू नका. मग ऑइल बदला. नव्या रिंगांचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो.

गाडी पाण्यात बुडाली तर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. हजारो गाड्या बुडाल्या. अंधेरीच्या सबवेत आजही पावसाळ्यात पाणी भरतं. तुमच्याकडे नदीकाठी, ओढ्याला हेच घडतं. बुडालेल्या गाडीला चुकूनही किक मारू नका. इंजिनात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि जोर केला तर आतला रॉड वाकतो. आधी प्लग काढा आणि भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत किक सावकाश फिरवा. कार्बोरेटर आणि टाकी रिकामी करा. खालचा बोल्ट काढून ऑइल सोडा. ते ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. नवं ऑइल घालून गाडी थोडा वेळ चालवा, पुन्हा बदला, स्वच्छ निघेपर्यंत. कामाला लवकर लागा, कारण पाणी राहिलं तर बेअरिंगांना गंज चढतो.

जिवाची काळजी

पेट्रोलचं काम चुलीजवळ, बिडीजवळ, देवाच्या दिव्याजवळ करू नका. भाग धुवायला पेट्रोल नको, डिझेल वापरा. पेट्रोल-डिझेल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, मुलं पाणी समजून पितात. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. पदर खोचा, ओढणी काढा, बांगड्या उतरवा, केस बांधा. काढलेलं जुनं ऑइल विहिरीकाठी, ओढ्यात टाकू नका, गॅरेजमध्ये परत द्या.

कागदपत्रंही बघा. गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. इंजिनावर कोरलेला नंबर आरसी बुकशी जुळला पाहिजे. स्वस्तात मिळालं म्हणून दुसरंच इंजिन बसवलं आणि आरटीओत नोंद केली नाही, तर अपघातानंतर विम्याला अडचण येते.

गटात एक वही ठेवा. गाडीचा नंबर, ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, कोणता भाग किती रुपयांना, कोणी बसवला, सगळं लिहा. काम दिलं की काढलेले जुने भाग परत मागा, पिशवीत घरी आणा. मागताना संकोच करू नका. पैसे आपले आहेत, आणि जुनी रिंग हातात घेऊन नव्या रिंगेशेजारी धरली की झीज डोळ्यांना दिसते.

तुमच्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा, आवाज कसा, प्लग कसा निघाला, एवढं लिहून केंद्रावर पाठवा. उत्तर पुढच्या भाषणात देऊ.