प्लास्टर सहा आठवड्यांचे, बूट चार वर्षांचे

बाळाचे पाऊल आत वळलेले, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून, टाच वर ओढलेली. डॉक्टर सांगतात, ‘क्लबफूट’ आहे. बाळंतिणीला अजून नीट उठून बसताही येत नसते, तोच घरातून पहिला प्रश्न येतो, “ग्रहणात काय चिरलंस गं?”

या प्रश्नाचा निकाल आधी लावू. ग्रहण लागते ते साऱ्या पुण्यावर लागते. त्या दिवशी कितीतरी गर्भार बाया भाजी चिरतात, धुणीभांडी करायला जातात, कचरा उचलतात, आणि त्यांची मुले सरळ पायांनी जन्मतात. दार लावून अंग न हलवता पडून राहिलेल्या बाईच्या बाळाचाही पाय वाकडा निघतो. साधारण आठशे ते हजार बाळांमागे एकाचा पाय असा असतो. मुलग्यांत हे प्रमाण मुलींच्या दुपटीने आहे. सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. पाऊल वळते ते पोटात असतानाच, पुष्कळदा सोनोग्राफीतही दिसते. कधी घराण्यात आधी कुणाला असते, पण बहुतेक वेळा एक असे कारण सापडतच नाही. आईच्या माथी मारण्यासारखे यात काही नाही.

दुसरी अडचण सव्वा महिन्याची. बाळंतीण माहेरी, बाहेर पडायचे नाही, तोवर तेल लावून पाय चोळू, सरळ होईल! मालिशने बाळाला बरे वाटेल, पण हा पाय सरळ होणार नाही. उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झालेले उत्तम, कारण तेव्हा पायाचे बंध सर्वांत मऊ असतात. माहेर खेड्यात असेल तर तिथल्या आशाताईला दाखवावे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. पुण्यात असाल तर ससूनचा अस्थिव्यंगोपचार विभाग आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे. ताडीवाला रोडच्या वस्तीतून ससून चालत गाठता येते. अंतर तेवढेच आहे, अडतो तो सव्वा महिना.

आता उपचार. आज जगभर वापरतात ती पद्धत डॉ. इग्नासियो पोन्सेती यांची. हे गृहस्थ जन्माने स्पेनचे, काम केले अमेरिकेतल्या आयोवा येथे. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून ते सांगत होते की हा पाय कापून सरळ करू नका, हाताने हळूहळू वळवा. पण मोठ्या शस्त्रक्रियेचा जमाना होता, कोण ऐकतो? तशा शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळांचे पाय मोठेपणी ताठर आणि दुखरे झाले, तेव्हा 1990 नंतर डॉक्टर मंडळी त्यांच्याकडे वळली. 2009 साली ते वारले.

पद्धत अशी. दर आठवड्याला डॉक्टर पाऊल थोडेसे बाहेर वळवतात आणि बोटांपासून थेट मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. गुडघा काटकोनात ठेवतात, नाहीतर बाळ लाथा मारून प्लास्टर उतरवते. असे पाच-सहा वेळा. पाऊल सरळ होते, पण टाच बहुधा वरच राहते. म्हणून टाचेमागची जाड शीर एका लहानशा छेदाने सैल करतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात शीर पुन्हा जुळते, लांब होऊन.

प्लास्टर असताना बाळाला अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसावे. बोटांवर नजर ठेवावी. बोटे निळी-पांढरी पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत जाऊन दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हे सारे आपले लोक निभावतात. दर आठवड्याला एक खाडा, एका दिवसाची मजुरी बुडते, तरी निभावतात. घात होतो तो पुढे. पाय सरळ दिसतो, घरात पेढे वाटले जातात, आणि डॉक्टर हातात देतात बूट. दोन बूट, मध्ये आडवी दांडी, बुटांची तोंडे बाहेरच्या बाजूला. पहिले तीन महिने दिवसरात्र, तेवीस तास. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, मूल चार वर्षांचे होईपर्यंत, काहींना पाचपर्यंत. आजीला ते बघवत नाही. “बरा झालेला पाय कशाला जखडता?” म्हणते आणि सून कामावर गेली की बूट काढून ठेवते. आजीची माया खोटी नाही. पण पोन्सेती यांचा अनुभव असा, की बूट नेमाने घालणाऱ्या घरांत शंभरातले सहा पाय पुन्हा वळले, आणि न घालणाऱ्यांत ऐंशीहून जास्त. म्हणून बूट कसे घालायचे आणि का, हे समजून घ्यायला आजीलाही एकदा दवाखान्यात न्यावे. कुणी घरात सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले तिला पटते.

पहिले दोन-तीन दिवस मूल रडते, कारण त्याला एकेक पाय वेगळा हलवता येत नाही. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे, गाणे म्हणत खेळ करायचा. युक्ती कळली की ते स्वतःच दोन्ही पाय आपटू लागते. दांडीला जुने कापड गुंडाळावे, नाहीतर शेजारी झोपलेल्याच्या नडगीला प्रसाद मिळतो. आत सुती मोजा हवा, टाच बुटात पूर्ण खाली बसलेली हवी. लाल डागांवर तेल-मलम चोळू नये. फोड आला तर बूट फेकू नयेत, डॉक्टरांना दाखवावा. आणि हे काम एकट्या आईचे का? रात्री घरी आलेल्या बापाने रोज बूट चढवावेत, मूलही ते झोपेचाच भाग मानू लागते.

अशी मुले रांगतात, उभी राहतात, एखाद-दोन महिने उशिरा चालतात, मग धावतातही. एकच पाय वाकडा होता असेल तर त्या पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल किंचित लहान राहते. दोन मापांच्या चपला लागल्या तर घाबरू नये. दोन-चार वर्षांचे, त्याहून मोठे मूल उपचाराविना राहिले असेल, तरी याच पद्धतीने पुष्कळ सुधारते, प्लास्टर मात्र जास्त लागतात.

घरी तपासायला सोपी खूण आहे. नळावर मूल उकिडवे बसले की दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का पाहावे. टाच उचललेली राहू लागली, किंवा चालताना पाऊल आत पडू लागले, तर जुना केसपेपर आणि ते बूट दोन्ही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.