ओल्या पहाटेचा माग

इंग्लंडच्या शेतांत पाऊस ओसरल्यावरची पहाट हरणाच्या शिकाऱ्याला सोयीची असते. भिजलेला पाचोळा वाजत नाही, आणि झुडपात अंग चोरून बसलेलं रो हरीण चरायला, अंग वाळवायला बांधाकडेला येतं. डोळ्यांना चकवणं तसं सोपं. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाहीत. निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरीच राहिलेली बरी! खरी धास्ती नाकाची. दमट हवेत वास टिकतो आणि ओलसर नाक तो पकडतं. म्हणून वारा तोंडावर घेऊनच दबकत सरकायचं. तो फिरला की हरीण पसार. उष्णता टिपणारी दुर्बीणही दाट धुक्यात अधू होते, कारण जलकण अवरक्त किरण शोषतात, विखुरतात.

एवढा खटाटोप कशाला? हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारे लांडगे आणि रानमांजरासारखे लिंक्स ब्रिटनमधून केव्हाच नाहीसे झाले. हरणं कोवळी रोपं, पिकं फस्त करतात. त्यात चीनमधून आणलेलं मुंटजॅक, आपल्या भेकराचं भाऊबंद, वर्षभर कधीही वितं. तरी बंदूक मोकाट नाही. १९९१च्या हरीण कायद्यानुसार सूर्यास्तानंतरच्या एका तासापासून सूर्योदयाआधीच्या एका तासापर्यंत खास परवान्याशिवाय हरणावर गोळी झाडता येत नाही.