पुरुषांची आरोग्य तपासणी: कोणत्या वयात काय तपासावे आणि काय टाळावे

माझ्या ओपीडीत हे दृश्य महिन्यातून दोन-तीनदा तरी दिसते. पंचेचाळिशीचे गृहस्थ समोर बसतात, शेजारी पत्नी. तिच्या पिशवीतून गुळगुळीत कागदाचा जाड रिपोर्ट निघतो. ऑफिसने किंवा मुलाने ‘फुल बॉडी चेकअप’ बुक करून दिलेले असते. ऐंशीच्या आसपास चाचण्या, त्यांतले चार आकडे ठळक अक्षरांत, आणि त्या चार आकड्यांनी दोघांची झोप उडवलेली असते. मी विचारते, “बीपी किती आहे तुमचा?” गृहस्थ पत्नीकडे बघतात. रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलाने बीपी मोजलेला नसतो. पोटाचा घेर मोजलेला नसतो. आणि खिशात तंबाखूची पुडी असली, तरी तोंड उघडायला लावून आत कोणी पाहिलेले नसते.

पुरुषांच्या तपासणीत नेमके इथेच चुकते. ज्या गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत आणि ज्यांनी जीव वाचतो, त्याच राहून जातात.

ठळक आकडे म्हणजे आजार का?

प्रयोगशाळेची ‘नॉर्मल रेंज’ ठरवताना साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा धरतात. म्हणजे प्रत्येक चाचणीत २० पैकी एक निरोगी माणूस पट्ट्याच्या बाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टातही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग त्या आकड्यापायी सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या एखाद्या निरुपद्रवी गाठीसाठी सीटी स्कॅन, आणि महिनाभर घरात टांगती तलवार.

पॅकेजमधले ‘कॅन्सर मार्कर’ तर निरोगी माणसाने करूच नयेत. सीईए, सीए १९-९ या चाचण्यांचा मुख्य उपयोग आधीच निदान झालेल्या रुग्णावर उपचार कसे चालले आहेत हे पाहण्यासाठी होतो. त्या इतर कारणांनीही वाढतात, आणि त्या नॉर्मल आल्या म्हणून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही.

कोणतीही चाचणी करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “याचा निकाल वाईट आला, तर आपण वेगळे काय करणार?” उत्तर मिळाले नाही, तर ती चाचणी टाळलेली बरी.

विशी आणि तिशीत काय पाहावे?

विशीत रक्ताच्या चाचण्यांपेक्षा घरचा इतिहास जास्त कामाचा असतो. वडील किंवा भाऊ ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगा. वर्षातून एकदा बीपी आणि वजन पुरे. कोलेस्टेरॉल मात्र एकदा तपासून घ्यावे. काही घराण्यांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जन्मापासूनच जास्त असते. ते १९० किंवा त्याहून अधिक आले, तर आहारावर भागत नाही. अशा घरातल्या भावंडांचीही तपासणी करावी लागते. हिपॅटायटिस बी ची लस लहानपणी मिळाली नसेल, तर ती आता घेता येते.

वृषणाचा कर्करोग हा तरुणांचा आजार आहे, प्रामुख्याने १५ ते ३५ या वयातला. अंघोळीच्या वेळी न दुखणारी कडक गाठ लागली किंवा एक वृषण मोठे वाटू लागले, तर आठवड्याभरात दाखवा. लवकर सापडला तर हा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. लाजेपायी सहा महिने घालवले, तर उपचार मोठे होतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही पॅकेजमध्ये नसते. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. झोप उडणे, चिडचिड, दारू वाढणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

तिशी लागली की शुगर तपासायला सुरुवात करावी. भारतीयांना मधुमेह लवकर आणि कमी वजनातही होतो, म्हणून पन्नाशीची वाट पाहू नये. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी ५.७ च्या खाली हवी, ६.५ पासून मधुमेह धरतात. कसलाही त्रास नसताना आकडा वाढलेला आला, तर दुसऱ्यांदा तपासून मगच निदान करतात. रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

घरी करण्यासारखी तपासणी म्हणजे पोटाचा घेर. शिंप्याकडची टेप घ्या, श्वास सोडा आणि बेंबीच्या पातळीवर मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. “माझा पँटचा नंबर ३४ आहे” हे उत्तर चालत नाही, कारण पोट सुटले की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

चाळिशी: सगळ्यात महत्त्वाची दहा वर्षे

आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणून चाळिशीत बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही गोष्टी दरवर्षी पाहाव्यात. कोलेस्टेरॉलसाठी बहुतेक वेळा उपाशी राहण्याची गरज नसते. घरात लवकर हृदयविकार असेल, तर लायपोप्रोटीन-ए ही चाचणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तिचा आकडा जन्मजात असतो आणि फारसा बदलत नाही.

बीपी मोजण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता, शर्टाच्या बाहीवरून घेतलेला बीपी धरू नये. पाच मिनिटे शांत बसा, पाठीला आधार असू द्या, पाय जमिनीवर टेकवा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा. अर्धा तास आधी चहा, सिगारेट, तंबाखू नको. दोनदा मोजा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त, घरी १३५/८५ किंवा जास्त भरला, तर तो उच्च रक्तदाब. “मला काही त्रास होत नाही” हे मी रोज ऐकते. वाढलेल्या बीपीने सहसा डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. तो मुकाट्याने मूत्रपिंड, मेंदू आणि हृदय खराब करतो.

ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट यांविषयी मोठा गैरसमज आहे. ईसीजी हा त्या काही सेकंदांचा आलेख असतो. तो नॉर्मल आला म्हणून रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे नव्हे. ट्रेडमिलवर सहसा मोठे अडथळेच कळतात. पण अनेक झटके लहान अडथळ्यावरचे आवरण अचानक फाटून, तिथे गुठळी झाल्याने येतात. “गेल्याच महिन्यात टेस्ट नॉर्मल होती हो,” असे नातेवाईक म्हणतात तेव्हा टेस्ट खोटी नसते, तिच्याकडून अपेक्षाच चुकीची असते. काहीही त्रास नसलेल्या माणसाने दरवर्षी ट्रेडमिल करण्यापेक्षा ते पैसे तंबाखू सोडण्याच्या उपचारावर घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चालताना छातीवर दाब येत असेल किंवा धाप लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तो चेकअप नव्हे, तो आजाराचा तपास.

आता एक अवघड विषय. लिंगाला ताठरता न येणे ही तक्रार चाळिशीतले पुरुष पत्नीलाही सांगत नाहीत, जाहिरातीतली गोळी आणून खातात. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आजार तिथे काही वर्षे आधी दिसू शकतो. म्हणून अशी तक्रार सुरू झाली की शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासलेच पाहिजे. माझ्यासारख्या लेडी डॉक्टरसमोर संकोच वाटत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण सांगा. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असताना ताठरतेची गोळी घेतली, तर बीपी धोकादायक खाली जातो.

पत्नीने सांगायची गोष्टही एक आहे: जोरात घोरणे आणि मध्येच श्वास थांबून दचकून उठणे. झोपणाऱ्याला ते कळत नाही, आणि बीपी औषधांनी आटोक्यात न येण्याचे ते एक कारण असते. चाळिशीनंतर काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाबही तपासून घ्या, केवळ चष्म्याचा नंबर नको.

तंबाखू, गुटखा, मावा खात असाल तर

तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी आधी दिसू शकतो. सुई नाही, मशीन नाही. आरशासमोर उजेडात उभे राहा. गालाची आतली बाजू, ओठांच्या आत, जीभ वर उचलून तिच्या खाली आणि कडांना पाहा. जिथे पुडी धरता ती जागा तर नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मग स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घाला. ती जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, तर सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा आखडू लागली आहे. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. वय पंचवीस असले तरी हे लागू आहे.

पन्नाशीनंतर प्रोस्टेटची तपासणी करावी का?

पीएसए ही रक्तचाचणी सरसकट सर्वांनी करावी असे नाही. ती कर्करोगाने वाढते, तशी प्रोस्टेटच्या साध्या वाढीने, लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढते. शिवाय तिच्यामुळे सापडणारे काही कर्करोग इतके संथ असतात, की त्यांनी आयुष्यभर त्रास दिला नसता. पण शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याचा धोका मात्र खरा असतो. म्हणून ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी फायदे-तोटे बोलून स्वतः ठरवावे. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर ही चर्चा आधी करावी. सत्तरीनंतर त्रास नसताना ही चाचणी सहसा करू नये.

करायचीच असेल तर जंतुसंसर्ग बरा होऊन सहा आठवडे जाऊ द्या, आणि आधीचे दोन दिवस सायकलिंग व संबंध टाळा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिन्यांहून जास्त घेत असाल तर सांगायला विसरू नका. ती पीएसए साधारण निम्मा करते, आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीविषयी विचारा. बीपी किंवा मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी क्रिएटिनिनसोबत लघवीतले अल्ब्युमिनही तपासावे. मूत्रपिंडाचे नुकसान आधी लघवीत दिसते. मधुमेहींनी डोळ्यांचा पडदाही दरवर्षी दाखवावा.

पासष्टीनंतर

या वयात काही चाचण्या कमी कराव्या लागतात, आणि मुलांना हे पटवणे अवघड जाते. वडिलांच्या वाढदिवसाला महागडे पॅकेज भेट देण्यापेक्षा त्यांना नीट ऐकू येते का, मोतीबिंदू झाला आहे का, वर्षभरात ते पडले का, हे पाहा. बीपी बसून आणि मग उभे राहून मोजा, कारण उभे राहिल्यावर तो घसरला तर पडण्याचा धोका असतो. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने. पूर्वी किंवा आता धूम्रपान करणाऱ्यांनी ६५ ते ७५ या वयात एकदा पोटाची सोनोग्राफी करून मुख्य धमनी फुगली आहे का ते पाहावे.

तपासणी कुठे आणि कशी करावी?

तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. तपासणीच्या सकाळी बीपीची गोळी चुकवू नका. उपाशी असताना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे मात्र आधी विचारून घ्या. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. एका आकड्यापेक्षा पाच वर्षांत तो कुठून कुठे गेला, हे मला जास्त सांगून जाते.

लघवीतून किंवा शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणे, तीन आठवडे बसलेला आवाज यांसाठी मात्र पुढच्या चेकअपची तारीख पाहू नका, त्याच आठवड्यात या. छातीत दाब, घाम आणि डावा हात भरून येणे, किंवा अचानक तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे असे झाले, तर १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.