धर्मनिष्ठेची अस्वस्थ सदसद्विवेकबुद्धि

परपक्षाचे दोष दाखविण्यास धैर्य लागतें खरें. परंतु स्वपक्षांत राहूनच त्याचे दोष चव्हाट्यावर मांडण्यास त्याहून अधिक धैर्य लागतें. अमेरिकेंतील इव्हँजेलिकल, म्हणजे शुभवर्तमानवादी, ख्रिस्ती पंथाचे धर्मशास्त्रवेत्ते कार्ल एफ. एच. हेन्री यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों तें याच कारणास्तव.

हेन्री यांचा जन्म १९१३ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. तरुणपणीं त्यांनी वृत्तपत्रव्यवसाय केला. पुढें १९३३ सालीं त्यांच्या जीवनास धार्मिक वळण लागलें. १९४७ सालीं कॅलिफोर्नियांत फुलर धर्मशास्त्र विद्यालय स्थापन झालें, त्याच्या आद्य अध्यापकांत ते होते. आणि त्याच वर्षीं 'आधुनिक मूलतत्त्ववादाची अस्वस्थ सदसद्विवेकबुद्धि' या अर्थाच्या नांवाचें त्यांचें लहानसें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. बायबलाचें प्रामाण्य ते स्वतः पूर्णपणें मानीत. तरीही मद्य, नाच व चित्रपट यांविरुद्ध गर्जणारे आपले धर्मबंधु युद्ध, वंशद्वेष आणि मजुरांची पिळवणूक यांविषयीं मूग गिळून कां बसतात, असा रोखठोक सवाल त्यांनी केला.

येथवर त्यांची स्तुति करणें सोपें आहे. परंतु १९५६ पासून १९६८ पर्यंत ते 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या पत्राचे पहिले संपादक होते, आणि त्याच काळांत कृष्णवर्णीय नागरिकांचा हक्कांसाठीं लढा ऐन भरांत आला होता. त्या प्रसंगीं पत्राचा सूर सावधच राहिला. त्याची भिस्त कायद्यापेक्षां मनःपरिवर्तनावर अधिक होती. मनःपरिवर्तनाचें महत्त्व कोण नाकारील? पण ज्याचा मताधिकार हिरावला गेला, त्यानें हिरावणाऱ्याचें मन पालटेपर्यंत वाट पाहावी, हा न्याय नव्हे.

मग तें पुस्तक व्यर्थ गेलें काय? आमच्या मतें नाहीं. १९७३ सालीं शिकागो येथें या पंथाच्या कांहीं पुढाऱ्यांनी सामाजिक कर्तव्याचा जाहीरनामा काढून वंशभेदांतील अमेरिकन चर्चच्या सहभागाबद्दल उघड खेद व्यक्त केला. त्यावर हेन्री यांचीही सही आहे. पुढें १९७६ ते १९८३ या काळांत ईश्वरी प्रकटीकरण व प्रामाण्य यांवरील त्यांचा सहा खंडांचा ग्रंथ निघाला आणि २००३ सालीं त्यांचें निधन झालें. पंडितांस ते सहा खंड मोठे वाटोत. आम्हांस तें छोटें पुस्तकच मोठें वाटतें. कारण त्यांतील प्रश्न लेखकाच्या स्वतःच्या संपादकीय मेजापर्यंत जाऊन पोहोंचला, आणि ज्या ज्या धर्माचे लोक स्वतःस शुद्ध म्हणवितात, त्यांच्या दारींही तो आज उभा आहे.